अनुदान आणि दार : उच्च शिक्षणाच्या शासकीय यंत्रणेचे कर्तव्य, पेण-रोह्याच्या संदर्भात

उच्च शिक्षणावर देखरेख करणारे शासकीय खाते म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे फायली, शिक्के आणि प्राध्यापकांच्या पगाराची बिले उभी राहतात. हा विषय रूक्ष आहे असे समजून आपल्या समाजातील अभ्यासकांनी तो बहुधा बाजूला ठेवला. आमच्या मते ही उपेक्षा परवडणारी नाही. पूर्वास्पृश्य समाज महाविद्यालयाच्या वर्गात कसा पोहोचला, याचा इतिहास चळवळीच्या मैदानांवर जितका घडला तितकाच तो सरकारी ठरावांच्या कागदांवरही घडला आहे. आणि हे कागद ज्या कार्यालयांत अंमलात आले किंवा धूळ खात पडले, त्या कार्यालयांची कर्तव्ये कोणती हे आपण जाणून घेतलेच पाहिजे.

अशा यंत्रणेची कर्तव्ये मूलतः तीन आहेत. पहिले, संस्थेला पैसा देणे. दुसरे, शिक्षणाचा दर्जा राखणे. तिसरे, संस्थेचे दार सर्वांसाठी उघडे आहे की नाही हे पाहणे. पहिली दोन कर्तव्ये शासन सवयीने करीत आले. तिसरे मात्र त्याला प्रत्येक वेळी कोणीतरी आठवण करून दिल्यावरच आठवले. हे तिसरे कर्तव्य पहिल्याला कसे बांधलेले आहे, म्हणजेच अनुदान आणि दार यांचा संबंध काय, हे प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

दान आणि विद्या : प्राचीन पूर्वपीठिका

रोह्याच्या दक्षिणेस, आजच्या तळा तालुक्यात, मांदाड खाडीच्या परिसरात कुडा येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत स्थानिक महाभोज घराण्याशी संबंधित माणसे आहेत, तसेच वैद्य, श्रेष्ठी, माळी आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. दान कोणी दिले आणि काय दिले, हे सर्वांना वाचता येईल अशा रीतीने दगडावर लिहिलेले आहे. सार्वजनिक दानाची नोंद सार्वजनिक असावी, ही शिस्त आमच्या जिल्ह्याच्या भूमीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रुजलेली होती.

विद्येसाठी दिलेल्या राजाश्रयाचे सर्वांत परिचित उदाहरण नालंदा महाविहाराचे. सातव्या शतकात तेथे राहून अध्ययन केलेल्या युआन च्वांगच्या चरित्रात असे सांगितले आहे की, सुमारे शंभर गावांचा महसूल राजाने महाविहाराला लावून दिला होता आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत. त्यामुळे विद्यार्थ्याला अन्नवस्त्राची चिंता करावी लागत नसे. तेथे दर्जाचीही काळजी घेतली जाई. द्वारावरील पंडित आगंतुकाला कठीण प्रश्न विचारी आणि दहांपैकी सात-आठजण परत जात. मात्र ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या द्वारावरील प्रश्न प्राचीन व नूतन विद्येविषयी होते. जन्म विचारण्यासाठी तो पंडित तेथे बसलेला नव्हता. पुढे शतकानुशतके या देशातील विद्येच्या दारावर नेमका तोच एक प्रश्न विचारला गेला.

१८५८ : राखून ठेवलेला अधिकार

आधुनिक काळात ही व्यवस्था १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सुरू होते. त्या खलित्याने दोन गोष्टी दिल्या : प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते, आणि खाजगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत. त्यानुसार १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याचे संचालकपद निर्माण झाले आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आजच्या संचालनालयाचा वंश तेथून मोजता येतो.

या खात्यापुढे पहिल्याच वर्षी कसोटी उभी राहिली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला तो नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूस आहे असे मान्य केले, परंतु एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवणे इष्ट नाही असे सांगून त्याला परत पाठविले. वरिष्ठ सरकारला हे उत्तर पटले नाही. अखेरीस १८५८ साली मुंबई सरकारने आपले धोरण प्रसिद्ध केले. सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. आणि ज्या शाळांना अंशतः अनुदान मिळते त्यांनी जातीच्या कारणाने कोणास शिक्षण नाकारल्यास त्यांचे साहाय्य बंद करण्याचा अधिकार सरकार आपल्याकडे राखून ठेवीत आहे, असे त्यात म्हटले होते.

‘राखून ठेवीत आहे’ या शब्दांत पुढील सत्तर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. अधिकार राखला गेला, परंतु वापरला गेला नाही. अनुदान नियमित जात राहिले आणि दार बंदच राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ मे १९२८ रोजी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील दलित वर्गाच्या शिक्षणाविषयी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी हा सर्व पूर्वेतिहास तपशिलाने मांडला आहे. धोरण जाहीर करणे आणि ते अंमलात आणणे यांतील अंतर मोजण्याची अभ्यासपद्धती आपण त्या निवेदनातून शिकली पाहिजे.

१९२७ : महाडच्या आधीचा आठवडा

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांबरोबरच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. ठराव कागदावर राहिला हे पाहून बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी त्यात मागणी होती. १८५८ साली सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेले शस्त्र बहुजन प्रतिनिधीने विधिमंडळात पुन्हा बाहेर काढले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे १९२४ सालीच जाहीर केले होते. त्या घोषणेला प्रत्यक्षात उतरविण्यासाठी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. पेण आणि रोहे हे त्याच कुलाबा जिल्ह्याचे तालुके होत. १९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

महाडचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले, ते मात्र तितके परिचित नाही. दर दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात शिकणाऱ्यांचे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. पुढारलेल्या हिंदूंत १,००० विद्यार्थी, मुसलमानांत ५२, मध्यम वर्गांत १४ आणि मागासवर्गांत शून्य किंवा जवळजवळ शून्य. शिक्षण ही प्रत्येकाच्या आवाक्यात आणावयाची वस्तू आहे, तिचा व्यापार होता कामा नये आणि जे खालच्या पायरीवर आहेत त्यांना ती अधिकाधिक स्वस्त करून दिली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावरील चर्चेत विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गाला प्रतिनिधित्व असावे, अशीही भूमिका त्यांनी घेतली.

पाण्याचा हक्क आणि विद्येचा हक्क एकाच आठवड्यात एकाच नेत्याने मागितला, हा योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. जी वस्तू सर्वांच्या पैशावर उभी आहे, तिच्या काठावर कोणाला उभे राहू द्यावयाचे?

१९५० : अधिकाराचे रूपांतर हक्कात

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी ऑक्टोबर महिन्यात अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी आर्थिक तरतुदीची मागणी प्रमुख होती. १९४४ साली भारत सरकारची अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज खेड्यापाड्यातील विद्यार्थी जिला ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ किंवा नुसती ‘जी. ओ. आय.’ म्हणतात, तीच ही शिष्यवृत्ती. संस्थेला दिलेले अनुदान दार उघडत नसेल, तर विद्यार्थ्याच्या हातात बळ द्यावे, हा तिच्यामागील विचार. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन करून बाबासाहेबांनी तिसरा मार्ग काढला : स्वतःचेच दार बांधावे. त्याच सोसायटीचे महाविद्यालय १९६१ साली महाडला सुरू झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाने या इतिहासाला निर्णायक वळण दिले. अनुच्छेद २९ (२) अन्वये, राज्याने चालविलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. १८५८ साली जो सरकारचा ‘राखून ठेवलेला अधिकार’ होता, तो १९५० साली नागरिकाचा हक्क झाला. अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या, शैक्षणिक हिताची जोपासना करणे हे राज्याचे धोरण ठरविले. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निर्धारण व समन्वय हा विषय संघसूचीच्या ६६ व्या नोंदीत केंद्राकडे राहिला. शिक्षण हा विषय एरवी राज्यांचा होता. ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. म्हणून आज दर्जाचे अंतिम नियमन केंद्राकडे, आणि पैसा व दैनंदिन देखरेख मुख्यतः राज्याकडे, अशी वाटणी दिसते.

१९५६ : रोह्याचा अध्यक्ष आणि धम्मदीक्षा

दर्जाचे निर्धारण करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या आरंभाशी रोह्याचा निकटचा संबंध आहे. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडनजीक नाते येथे झाला आणि त्यांचे वडील रोह्यास वकिली करीत. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, केंद्राचे अर्थमंत्री ही त्यांची पदे सर्वश्रुत आहेत. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाला त्याच वर्षी कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. १९६१ पर्यंत ते त्या पदावर होते. रोह्यातील कोकण एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

आयोगाच्या मूळ कायद्यात कर्तव्यांची जी यादी आहे, तिच्यात विद्यापीठीय शिक्षणाचा प्रसार व समन्वय, अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा आणि अनुदानाचे वाटप या गोष्टी आहेत. दाराविषयीचे कर्तव्य मात्र तिच्यात स्वतंत्रपणे लिहिलेले नाही. देशमुखांच्या कर्तृत्वाचा गौरव कमी न करता आम्ही एवढेच म्हणतो की, एका महान कायद्यात जे शब्द नसतात, त्यांची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागते.

ते वर्ष आपल्या समाजाच्या इतिहासातही युगप्रवर्तक होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. परंतु अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदू धर्मीयांनाच स्थान होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. धम्म स्वीकारणाऱ्या कुटुंबातील मुलाचे दारिद्र्य तेच, वस्ती तीच, शेजाऱ्यांची वागणूक तीच. केंद्राच्या यादीतील त्याचे स्थान मात्र गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या काळात महाराष्ट्रातील जी मुले महाविद्यालयापर्यंत आली, त्यांच्यामागे राज्य शासनाचा तो निर्णय होता, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आणि जी मुले केंद्रीय सेवांच्या दारातून परतली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, हेही.

आजची यंत्रणा : कोणते काम कोणाचे

आता आपण वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्राच्या उच्च शिक्षण संचालनालयाचे मुख्यालय पुण्यास आहे. त्याच्या अधिपत्याखाली विभागीय सहसंचालकांची कार्यालये असून कोकण विभागाचे कार्यालय पनवेलला आहे. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय किंवा रोह्याचे देशमुख महाविद्यालय यांसारख्या महाविद्यालयांचा शासनाशी येणारा नित्याचा संबंध या कार्यालयामार्फत येतो. मंजूर पदे तपासणे, अनुदानित पदांवरील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन अदा करणे, वेतननिश्चिती, निवृत्तिवेतनाची प्रकरणे, पदभरतीची ना-हरकत, अनुदानाचे निर्धारण ही त्याची कामे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी हे मुंबई विद्यापीठाचे काम. नव्या महाविद्यालयाला परवानगी देणे हे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार शासनाचे काम. परंतु त्यापूर्वी विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या ठिकाणाची गरज दिसली पाहिजे.

शिष्यवृत्तीची वाट याहून वेगळी आहे, आणि येथेच आपल्या पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाकडे असून तिचे जिल्ह्याचे कार्यालय अलिबागला आहे. कातकरी, ठाकूर इत्यादी आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांसाठीची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती उच्च शिक्षण संचालनालयाकडे आहे. म्हणजे रोह्याच्या एका वर्गात शेजारी बसलेल्या तीन विद्यार्थ्यांचे अर्ज तीन निरनिराळ्या खात्यांकडे जातात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवलेली आहे. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूचित जातींच्या या योजनेचा ६० टक्के भार केंद्राने व ४० टक्के राज्याने उचलावयाचा असून केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

ही वाटणी कागदावर सुसूत्र दिसते. प्रत्यक्षात तिचा एक परिणाम होतो. शिष्यवृत्ती लांबली, महाविद्यालयाने शुल्कासाठी तगादा लावला, निकाल किंवा दाखला अडकला, तर दोष कोणाचा? सामाजिक न्याय विभाग म्हणतो, महाविद्यालयाने अर्ज वेळेवर पुढे पाठविला नाही. महाविद्यालय म्हणते, रक्कम आली नाही. उच्च शिक्षण विभाग म्हणतो, हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. धारवाडच्या मुलाला एकाच सरकारने परत पाठविले होते. आजच्या विद्यार्थ्याला तीन कार्यालये एकमेकांकडे पाठवितात. कोणीही ‘नाही’ म्हणत नाही, आणि तरीही दार उघडत नाही.

आमचे म्हणणे असे की, पैसा कोणत्याही खात्यातून येवो, महाविद्यालय अनुदानित असेल तर त्याच्या दाराविषयी विचारण्याचे कर्तव्य अनुदान देणाऱ्या यंत्रणेचेच आहे. वेतनाची देयके तपासताना पदांची बिंदुनामावली तपासली जाते, कारण राज्यातील नियुक्त्यांत अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण कायद्याने दिलेले आहे. ज्या काटेकोरपणे पदे मोजली जातात, त्याच काटेकोरपणे किती विद्यार्थी पहिल्या वर्षाला आले, किती तिसऱ्या वर्षाला पोहोचले आणि किती शुल्काअभावी गळाले, हेही मोजता येईल. १९२७ साली बाबासाहेबांनी सभागृहापुढे ठेवले ते हेच : आरोपांपूर्वी आकडे.

अनुदान आटल्यावर

या चर्चेला एक नवे परिमाण आले आहे. २००१ नंतर राज्यात नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. अनुदानित महाविद्यालयांतही रिक्त पदांवर तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून काम चालविण्याची प्रथा रूढ झाली. अनुदान गेले की शुल्क वाढते, आणि अनुच्छेद २९ (२) चे जे दुसरे अंग राज्याच्या निधीवर आधारलेले आहे तेही ढिले पडते. दीडशे वर्षांच्या लढ्याने जी कळ हाती आली, तीच निसटण्याचा हा प्रकार होय. ९३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अनुच्छेद १५ (५) मुळे विनाअनुदानित खाजगी संस्थांच्या प्रवेशातही आरक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार राज्याला मिळाला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे दार उघडण्याचा अधिकार राज्याकडे पुन्हा आला. परंतु ‘राखून ठेवलेल्या अधिकाराचे’ काय होते, ते आपण १८५८ पासून पाहत आलो आहोत.

शिवाय दारातून आत गेल्यानंतरचाही प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील समतेविषयी नियमावली काढली आणि जातीय भेदभावाच्या तक्रारींसाठी यंत्रणा सुचविली. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे बळी गेले. त्या दोघांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन, लिहिलेले नियम पाळले जावेत अशी याचना करावी लागली. तिसरे कर्तव्य अपूर्ण राहिले की त्याची किंमत कोण चुकविते, याचा याहून दारुण पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

आपले काम

पेण आणि रोहे येथील बौद्ध समाजात आज पहिल्या पिढीचे पदवीधर आहेत आणि तिसऱ्या पिढीचेही आहेत. पहिल्या पिढीच्या मुलामुलीला कार्यालयाची भाषा येत नाही. तिसऱ्या पिढीला ती येते. त्या भाषेचे दान करणे हे तिसऱ्या पिढीचे देणे आहे. विहारातील पौर्णिमेच्या बैठकीत जुलै महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांची एक वही ठेवावी. अर्ज केव्हा भरला, महाविद्यालयाने केव्हा पुढे पाठविला, कोणत्या कार्यालयात किती दिवस थांबला, रक्कम केव्हा जमा झाली, एवढ्याच चार नोंदी असाव्यात. वर्षाअखेरीस ती वही घेऊन अलिबागला व पनवेलला जावे, आणि माहितीच्या अधिकाराखाली त्या कार्यालयांच्या नोंदी मागून त्या वहीशी ताडून पाहाव्यात.

कुड्याच्या लेण्यांत दात्याने दिलेल्या दानाचा लेख दगडावर आहे, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही आपण त्याची साक्ष काढू शकतो. शासन देते ते दान नव्हे. तो आपल्याच श्रमाचा, आपल्याच करांचा पैसा आहे. त्याची नोंद ठेवण्याचे काम मग दुसऱ्या कोणावर कसे सोपवता येईल?